क्रॉनने चालवलेला बॅकअप २० बाइटचा, हाताने चालवलेला नीट. कुठं बघू?

पन्हाळा_पायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत हिशेबाचं काम बघतो. संगणकावर उबुंटू २२.०४ आहे. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी काट्यावरचं वजन आणि मशीनवरची फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरते आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, पण सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी तो ऑप्ट फोल्डरमध्ये त्यांचा वेगळा बसवलाय. पूर्वी बॅकअप आणि बिल दोन्ही हातानं काढायचो, बिलाच्या तारखाही स्वतः टाकायचो. एप्रिलच्या मध्यावर त्यांच्याच माणसानं दोन शेल स्क्रिप्ट लिहून दिल्या आणि क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनची यादी) लावल्या:

३० २१ * * * बॅकअपची स्क्रिप्ट
० ५ १,११,२१ * * बिलाची स्क्रिप्ट

म्हणजे रोज रात्री साडेनऊला बॅकअप आणि १, ११, २१ तारखेला पहाटे पाचला बिल.

पहिली अडचण बॅकअपची. फाइल रोज तयार होते, नाव-तारीख बरोबर असते, पण आकार २० बाइट! तीच स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालवली की ४० एमबीच्या आसपास फाइल मिळते. कुणीतरी सांगितलं म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) सोर्स केली, म्हणजे आत वाचून घेतली, काही फरक नाही. एरर कुठंच दिसत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ११ जूनला पहाटे लाइट नव्हती, त्यामुळं बिल निघालं नाही. १२ ला ध्यानात आल्यावर स्क्रिप्ट हातानं चालवली तर २ ते ११ तारखेचं बिल निघालं. १ तारखेचं दूध गायब. उत्पादक पावत्या घेऊन ऑफिसात आले, आणि त्यांचं बरोबरच होतं. ते बिल रद्द करून तारखा टाकून पुन्हा काढलं. स्क्रिप्ट बघितली तर तिच्यात 'आजपासून मागचे दहा दिवस' असं मोजलंय.

चेअरमन म्हणतात मोठा यूपीएस घेऊ आणि संगणक रात्रभर चालू ठेवू. तो खर्च करावा का, की यावर दुसरा काही मार्ग आहे?

जुना_पीसी

बॅकअपचं कारण पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी) असणार. स्क्रिप्टमध्ये पीजी-डंपचा (पोस्टग्रेसची प्रत काढणारी कमांड) पूर्ण पत्ता लिहा, ऑप्टपासून. आणि लाइट वरचेवर जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बघा, सीआर २०३२ असतो. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागं जातं, आणि घड्याळच चुकलं तर कुठलंच वेळापत्रक उपयोगाचं नाही.

काळी_खिडकी

दादा, यूपीएसवर पैसे घालायच्या आधी हे वाचा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या दूध संस्थांचे संगणक सांभाळणं हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी इथं सगळं देवनागरीत लिहितोय, पण फाइलमध्ये टाइप करताना कमांड इंग्रजीत आणि अंकसुद्धा इंग्रजीच हवेत.

तुम्ही आकडा दिलात हे फार चांगलं केलंत, कारण २० बाइटमध्येच उत्तर आहे. जीझिप (फाइल दाबून लहान करणारी कमांड) काहीही न देता चालवली तर ती बरोबर २० बाइटची फाइल बनवते: सुरुवातीचं १० बाइटचं हेडर, रिकाम्या डेटाचे २ बाइट आणि शेवटी तपासणीचे ८. म्हणजे तुमच्या स्क्रिप्टमधली जीझिप रोज रात्री नीट चालते, पण तिच्या आधीची पीजी-डंप चालतच नाही, त्यामुळं जीझिपच्या हातात काही पडत नाही.

जुना_पीसी म्हणतात ते बरोबर आहे. क्रॉन स्क्रिप्ट तुमच्याच नावानं चालवतो, पण तुम्ही लॉगिन केल्यावर जी मांडामांड होते ती त्याच्यासाठी होत नाही. उबुंटूत साध्या वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबला जो पाथ मिळतो त्यात दोनच फोल्डर असतात, यूएसआर-बिन आणि बिन. तुमची पीजी-डंप ऑप्टमध्ये, म्हणून क्रॉनला ती सापडत नाही.

मग बॅशआरसी सोर्स करून का सुटलं नाही? तुमची बॅशआरसी उघडून बघा. उबुंटूच्या या फाइलच्या अगदी सुरुवातीला एक तपासणी असते: शेल इंटरॲक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत नसेल, तर इथूनच परत फिर. सॉफ्टवेअरवाल्यांनी पाथची ओळ बहुधा फाइलच्या तळाला जोडली असणार, तिथपर्यंत क्रॉनची स्क्रिप्ट पोचतच नाही. म्हणून ती सोर्सची ओळ काढून टाका आणि पाथ स्क्रिप्टमध्येच दुसऱ्या ओळीवर स्पष्ट लिहा, ऑप्टमधला बिन फोल्डर धरून. पहिली ओळ बॅशचीच ठेवा.

एरर का दिसत नाही, तेही सांगतो. क्रॉनची जुनी पद्धत अशी की कामातून जे काही छापलं जाईल ते तो मालकाला मेल करतो. संगणकावर मेलची व्यवस्थाच नसेल तर ते सगळं टाकून देतो आणि सिसलॉगमध्ये (संगणकाची नोंदवही) एवढंच लिहितो: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. सिसलॉगवर ग्रेप (शब्द शोधायची कमांड) लावून मोठ्या लिपीत क्रॉन शोधा, रोज साडेनऊच्या सुमाराला ही ओळ सापडेल. यापुढं क्रॉनटॅबच्या ओळीच्या शेवटी आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलला जोडा: दोन मोठेपणाची चिन्हं, फाइलचं नाव, मग २>&१.

अजून एक ओळ घालायलाच हवी. पाइपनं जोडलेल्या (एकीचं आउटपुट पुढचीला देणाऱ्या) कमांडचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. तुमच्याकडं शेवटची जीझिप, ती यशस्वी, म्हणून आख्खा बॅकअप यशस्वी धरला जातो. स्क्रिप्टमध्ये वरती 'सेट -ओ पाइपफेल' लिहिलं की पीजी-डंप पडल्यावर सगळ्याचाच निकाल नापास येतो. (म्हणूनच पहिली ओळ बॅशची हवी म्हटलं. उबुंटूत एसएच म्हणजे डॅश, आणि २२.०४ मधल्या डॅशला पाइपफेल कळत नाही.) बॅकअप आधी तात्पुरत्या नावानं काढा आणि निकाल पास असेल तरच खऱ्या नावावर हलवा. म्हणजे अर्धवट फाइल बॅकअप म्हणून कधीच पडून राहणार नाही.

साडेनऊची वाट बघत बसू नका. क्रॉनला मिळतं तसंच उघडंबोडकं वातावरण तुम्हाला टर्मिनलमध्ये तयार करता येतं: 'एन्व्ह -आय', पुढं होम आणि वर सांगितलेला दोन फोल्डरचा पाथ, मग 'बिन-एसएच -सी' आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. (-सी विसरू नका, नाहीतर स्क्रिप्ट बॅशऐवजी डॅशमध्ये चालेल आणि पाइपफेलवर अडेल.) इथं चाललं तर क्रॉनमध्येही चालेल.

आता बिलाकडं येतो. माझ्या मते खरं दुखणं हे आहे आणि ते लाइट जाण्यापुरतं नाही. लाइट गेल्यानं ते फक्त उघडकीला आलं.

'आजपासून मागचे दहा दिवस' हा हिशेब ११ आणि २१ तारखेला वेळेवर चालला तर बरोबर येतो. १ तारखेला काय होतं बघा. एप्रिल ३० दिवसांचा, म्हणून १ मेला २१ ते ३० एप्रिल मिळाले, बरोबर. पण मे ३१ दिवसांचा आहे. १ जूनला मागचे दहा दिवस म्हणजे २२ ते ३१ मे. ११ ते २० चं बिल २१ मेलाच निघून गेलेलं. मग २१ मेचं दूध कुठल्या बिलात आलं? कुठल्याच नाही. दोन्ही वेळचं, सगळ्या उत्पादकांचं. तुमची १ जूनची बिलं आत्ता उघडून बघा. आणि फेब्रुवारीत याच्या उलट होईल: २८ दिवसांच्या महिन्यानंतर १ मार्चला स्क्रिप्ट १९ ते २८ घेईल, १९ आणि २० चे पैसे दोनदा जातील.

पहाटे उठून धार काढून दूध घालणाऱ्या बाईला बिलात दहा ओळी दिसतात, त्यातली एक तारीख नाही हे तिनं शोधावं अशी अपेक्षा आपण करू शकत नाही. ते आपलं काम आहे. म्हणून स्क्रिप्टनं आजपासून मागं मोजायचंच नाही. आजची तारीख २१ किंवा पुढची असेल तर कालावधी ११ ते २०. ११ ते २० मधली असेल तर १ ते १०. १ ते १० मधली असेल तर मागच्या महिन्याची २१ पासून अखेरपर्यंत. मग बिल ११ ला निघो, १२ ला निघो की १५ ला, कालावधी तोच येतो.

मागच्या महिन्याची अखेर काढताना डेट कमांडला 'एक महिना मागं' असं विचारू नका. ३१ मार्चला तसं विचारलं तर ती ३१ फेब्रुवारी धरते आणि उत्तर ३ मार्च देते (लीप वर्षात २ मार्च). चालू महिन्याची १ तारीख घ्या आणि त्यातून एक दिवस वजा करा, अखेर बरोबर मिळते.

एवढं झालं की स्क्रिप्टला एक प्रश्न विचारायला शिकवा: या कालावधीचं बिल आधीच निघालंय का? निघालं असेल तर काही न करता बाहेर पड. म्हणजे ती चुकून दोनदा चालली तरी नुकसान नाही.

हे केल्यावर लाइटचा प्रश्न फार लहान उरतो. क्रॉनला हुकलेलं काम आठवत नाही. पाचला संगणक बंद असेल तर ती पाचची वेळ गेली, सव्वापाचला चालू केलात तरी तो मागं वळून बघत नाही. यावर ॲनाक्रॉन आहे, पण तो 'दर इतक्या दिवसांनी' या भाषेत चालतो, १-११-२१ त्याला सांगता येत नाही. तुमच्याकडं सिस्टमडी (उबुंटूतल्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) आहेच, त्याचा टायमर वापरा. दोन छोट्या फाइल लागतात. एक सर्व्हिस, जिच्यात कुठली स्क्रिप्ट आणि कुणाच्या नावानं ते लिहायचं (यूझरची ओळ विसरलात तर ती रूटच्या नावानं चालेल). दुसरी टायमर, तिच्यात:

ऑनकॅलेंडर=*-*-०१,११,२१ ०५:००:००
पर्सिस्टंट=ट्रू

दुसऱ्या ओळीत सगळं आहे. शेवटचं कधी चाललं याची नोंद सिस्टमडी डिस्कवर ठेवतो, आणि संगणक बंद असताना वेळ हुकली असेल तर चालू झाल्या झाल्या काम उरकतो. किती का वेळा हुकलेलं असेना, एकदाच चालवतो. तारखांची ओळ बरोबर लिहिली का हे 'सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर' सांगेल, पुढची तारीख-वेळ काढून दाखवतं. टायमर लागला का हे 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स'मध्ये दिसेल. बॅकअपलाही असाच टायमर लावा. रात्रीचा हुकून सकाळी संकलन चालू असताना चालला तरी घाबरू नका, पीजी-डंप सुरू होतानाच्या क्षणाचं चित्र घेते, नोंदी चालू राहतात.

टायमर लागले की क्रॉनटॅबमधल्या दोन्ही ओळी काढा, नाहीतर दोन्हीकडून चालेल. काढताना 'क्रॉनटॅब -ई' करून संपादन करा. कीबोर्डवर ई च्या शेजारी आर आहे, आणि '-आर' काही न विचारता आख्खा क्रॉनटॅब पुसतं. आधी '-एल' करून तो एका फाइलमध्ये उतरवून ठेवा.

यूपीएस मशीन आणि काट्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. या दोन स्क्रिप्टसाठी रात्रभर संगणक चालू ठेवायची गरज नाही.

नाशिक_सर्व्हर

वरचं उत्तर उत्तम. कुणी अशीच बिलं क्लाउडवरच्या सर्व्हरवर काढत असेल त्यांच्यासाठी जोडतो. तिथं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तिथं '० ५' लिहिलं तर बिल आपल्याकडं सकाळी साडेदहाला निघतं. बरेच जण मग वेळ बदलून रात्रीचे साडेअकरा करतात, पण तारीख तशीच ठेवतात. आपली १ तारखेची पहाट ही यूटीसीत आदल्या महिन्याच्या अखेरची रात्र असते. '३० २३ १,११,२१' म्हणजे आपल्याकडं २, १२ आणि २२ ची पहाट. आणि 'महिन्याची अखेर' असं क्रॉनच्या पाच रकान्यांत लिहिताच येत नाही.

सोपा उपाय म्हणजे टाइमडेटसीटीएलनं टाइमझोन एशिया/कोलकाता करायचा आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करायचा. रीस्टार्ट न केल्यास क्रॉन जुन्या झोनवरच चालत राहू शकतो. सर्व्हरचा झोन बदलायची परवानगी नसेल तर सिस्टमडीच्या ऑनकॅलेंडर ओळीच्या शेवटी एशिया/कोलकाता लिहिता येतं, पण त्यानं फक्त काम सुरू व्हायची वेळ आपली होते, स्क्रिप्टमधली डेट मात्र यूटीसीचीच तारीख सांगते, म्हणून स्क्रिप्टमध्ये टीझेडही एशिया/कोलकाता लिहा.

स्क्रिप्टबद्दल एक. तारखेचा दिवस बॅशच्या गणितात घेताना ०८ आणि ०९ वर एरर येतो, कारण पुढं शून्य असलेली संख्या बॅश अष्टमान पद्धतीची समजतो आणि त्यात ८, ९ नसतात. डेटला टक्का-वजा-डी सांगा, म्हणजे पुढचं शून्य येत नाही. तुमची स्क्रिप्ट आता १ ते १० मध्ये कधीही चालू शकते, म्हणून हे लागेल. फक्त असली डेट कमांड थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहू नका. तिथं टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, कमांड तिथंच तुटते.

पन्हाळा_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमानं सांगतो.

सिसलॉगमध्ये ती ओळ रोजची आहे. पाथ लिहिला, पाइपफेल घातलं, एन्व्ह -आय करून बघितलं, फाइल पूर्ण आली. बॅशआरसीत पाथची ओळ खरंच तळाला आहे.

१ जूनची बिलं उघडली. २१ मे कुठंच नाही. सचिवांना लगेच दाखवलं. त्या दिवसाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी डेटाबेसमध्ये शाबूत आहेत, त्यामुळं कोड नंबरप्रमाणे यादी निघाली. २१ जूनच्या बिलात ती रक्कम वेगळी ओळ करून द्यायची आणि फलकावर कारण लिहायचं असं ठरलं. पशुखाद्याची कपात त्या रकमेवर लावायची नाही हेही ठरलं, कारण कपात आधीच्या बिलात पूर्ण झालीय. सॉफ्टवेअरवाल्यांनाही कळवलंय, हीच स्क्रिप्ट त्यांनी आणखी कुठं कुठं दिली असेल कोण जाणे.

टायमर आज लावतो. फक्त एक राहिलं. बॅकअपची फाइल पुढं पेनड्राइव्हवर कॉपी होते. टायमरनं सकाळी कुणी लॉगिन करायच्या आधीच बॅकअप चालला तर पेनड्राइव्ह दिसेल का?

काळी_खिडकी

२१ मेची यादी निघाली हे वाचून फार बरं वाटलं. वेगळी ओळ दिलीत तेच योग्य.

पेनड्राइव्ह दिसणार नाही. डेस्कटॉपवर तो मीडिया फोल्डरमध्ये आपोआप जोडला जातो, पण माणूस लॉगिन झाल्यावर. त्याआधी चाललेल्या स्क्रिप्टला तिथं काही नसतं, आणि स्क्रिप्टनं नसलेला फोल्डर स्वतः बनवायची सोय ठेवली असेल तर फाइल त्याच हार्डडिस्कवर पडते आणि पेनड्राइव्हवर गेली असं वाटत राहतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) त्याची यूयूआयडीनं (डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओळ घाला, एमएनटीखाली एक ठराविक फोल्डर द्या आणि 'नोफेल' लिहा. नोफेल नसेल तर पेनड्राइव्ह काढलेला असताना संगणक बूट होताना अडकेल. कॉपीच्या आधी 'माउंटपॉइंट -क्यू' नं तो फोल्डर खरंच जोडलाय का तपासा, नसेल तर एरर देऊन थांबा. सर्व्हिस नापास झाली की 'सिस्टमसीटीएल --फेल्ड'मध्ये लाल दिसते, सकाळी संकलन सुरू करायच्या आधी तेवढं बघायची सवय लावा.

आणि पेनड्राइव्हवरची एक फाइल या आठवड्यात दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून बघा. उतरली की त्यातून २१ मेच्या एकूण लिटरची बेरीज काढा आणि त्या दिवशीच्या संकलनाच्या छापील रजिस्टरशी जुळवा. काही अडलं तर इथंच लिहा, रविवारी मी मोकळा आहे.